पाचशे वर्षं उशिरा

‘पाचशे वर्षं’ कधीच वेळेवर आले नाहीत. शनिवारी साडेचारचा कार्यक्रम असला की साडेचारला आमच्या वाचनालयाच्या बालविभागात मुलं सतरंजीवर एकमेकांना कोपरं मारत बसलेली असायची, दारात त्यांच्या आया घड्याळं बघत उभ्या असायच्या, मी जिन्याच्या तोंडाशी आणि आमचे शिपाई सावंतमामा खाली फाटकात. पाच वाजत आले की सावंतमामांची हाक यायची, “बाई, इलो तो! पडद्याचो सदरो घालून इलो!” मग जिन्यात घुंगरं वाजायची. वर आल्यावर ते माझ्या कपाळावरच्या आठ्यांकडे अगदी मायेने बघायचे आणि म्हणायचे, “घाई कसली, बाय? गाणं पाचशे वर्षं थांबलंय. तुझी पोरं घडीभर नाय थांबणार?”

हे ‘पाचशे वर्षं’ त्यांच्या तोंडून इतक्यांदा यायचं की शेवटी तेच त्यांचं नाव झालं. गाणं पाचशे वर्षांचं, वाद्य पाचशे वर्षांपूर्वीच्या घाटाचं, नाच पाचशे वर्षांपूर्वीचा. टोपीतलं पीस त्यांच्या घरच्या कोंबड्याचं होतं, पण तेही पाचशे वर्षांपूर्वीच्या फॅशनचं. मुलं तोंडावर ‘अंकल’ म्हणायची आणि पाठ फिरली की ‘पाचशे वर्षं’. “पाचशे वर्षं आले का हो, बाई?” असं एखाद्या आईने विचारलं की नवखा सभासद दचकायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

ते मूळचे गोराईचे. आमच्या बोरिवलीहून खाडीपलीकडचं ख्रिस्ती गावठाण, घरामागे भाजीचे वाफे आणि विहीर, दारापुढे क्रूस. घरात मराठीच, पण गावच्या हेलाची. म्हणून मी त्यांच्यासाठी कायम ‘बाय’. उमेदीची वर्षं त्यांनी विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये पाने-पकडी हाताळण्यात घालवली आणि रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवलं. निवृत्त झाल्यावर परदेशात मुलीकडे गेले. तिथल्या एका वाचनालयात चित्रविचित्र कपडे घातलेली मंडळी युरोपातलं जुन्या काळचं संगीत मुलांना वाजवून दाखवत होती, मुलांना मध्ये घेऊन नाचत होती. झालं! लोक परदेशातून चॉकलेटं आणतात. यांनी ल्यूट आणलं.

ल्यूट म्हणजे एक तंतुवाद्य. पोट उभ्या चिरलेल्या भोपळ्यासारखं, मान मागे मुडपलेली आणि तारा इतक्या की मोजता मोजता आपण चुकतो. त्याच्या जोडीला एक लाकडी बासरी, डफाएवढा ढोल आणि बायकोने जुन्या मखमली पडद्यांतून शिवून दिलेला फुगीर बाह्यांचा सदरा. खाली पायांना चिकटलेली विजार आणि घोट्याला घुंगरं. एवढा सरंजाम अंगावर वागवत हे गृहस्थ एका दुपारी माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “तुझ्या पोरांना वाजवून दाखवतो. पैसे नको. फक्त पोरं दे.”

एरवी मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण तेव्हा माझ्याच गळ्याशी आलं होतं. आमच्या वाचनालयातला बालविभाग मी उभा केला आहे. कपाटं दारोदार फिरून मिळवली, फाटकी पुस्तकं घरी नेऊन चिकटवली. पण मुलं येईनाशी झाली होती. इकडे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका मात्र तुडुंब. जागेसाठी पोरं महिनोन्‌महिने ताटकळत होती. आमचे कार्यवाह एक दिवस म्हणाले, “बाई, रिकाम्या खोलीत पंखे कुणासाठी फिरवायचे? वर्षाच्या आत बालविभाग भरलेला दिसला नाही तर ती खोलीही अभ्यासिकेला देऊन टाकू.” ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणून जास्तच झोंबलं. बालविभाग गेला असता तर माझी चित्रांची पुस्तकं माळ्यावर गेली असती आणि मी रांगेने बसलेल्या माना मोजत निवृत्तीची वाट बघत बसले असते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझ्या वाट्याची काडी पडद्याचा सदरा घालून आली होती.

कार्यकारिणीची परवानगी काढायला मी अर्जात लिहिलं, ‘युरोपीय प्रबोधनकाळातील संगीत, मुलांच्या सहभागासह’. आमच्या मंडळींनी त्यातला ‘प्रबोधन’ हा एकच शब्द वाचला आणि अर्ज मंजूर केला. अध्यक्षांनी तर मला फोन करून सांगितलं, “छान! व्यसनमुक्तीवर भर द्यायला सांगा त्यांना.” नंतर एकदा ते स्वतः डोकावून गेले, तेव्हा पाचशे वर्षं मुलांकडून ज्या गाण्यावर टाळ्या वाजवून घेत होते ते गुत्त्यातलं, पेले आपटत म्हणायचं गाणं होतं. शब्द परके होते म्हणून निभावलं. अध्यक्ष म्हणाले, “चाल उद्बोधक आहे.”

पहिल्या कार्यक्रमाची जाहिरात मी सावंतमामांना फळ्यावर लिहायला सांगितली. फोनवर सांगितली, ही चूक. मी म्हटलं, ‘शनिवारी साडेचार वाजता वाचनालयात ल्यूट. प्रवेश विनामूल्य.’ सावंतमामांनी रंगीत खडूंनी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘शनिवारी साडेचार वाजता वाचनालयात लूट! प्रवेश विनामूल्य.’ उद्गारचिन्ह त्यांच्या पदरचं. शनिवारी चारपासून बायका कापडी पिशव्या घेऊन दारात. कुणाला पुस्तकांचा सेल वाटला, कुणाला साड्यांचा. एका आजींनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, “बाई, कुकर आहेत का गं?” मी घामाघूम झाले. तेवढ्यात पाचशे वर्षं उगवले, गर्दी पाहून त्यांचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले, “बघ बाय, बोरिवलीत किती रसिक लोक आहेत!” पिशव्यांसकट सगळ्यांना बसावं लागलं. पोरं सोबत होतीच. पुढच्या शनिवारी पिशव्या आल्या नाहीत, पोरं मात्र आली. सावंतमामांना मी फळा पुसायला लावणार होते, पण ते म्हणाले, “ऱ्हवांदे बाई, लोकांका तोच शब्द कळता.” तेव्हापासून आमच्याकडे दर शनिवारी लूट होते.

उशिराचं त्यांचं कारण ठरलेलं होतं. “ओहोटी होती, बाय.” ओहोटीला बोट चिखलात अडकते, धक्क्यावरून उतारू लवकर सुटत नाहीत, हे खरंच आहे. मी म्हणायची, “मग रस्त्याने या ना.” तर म्हणत, “भाईंदरवरून फिरून यायचं? पाचशे वर्षं लागतील!” शेवटी मी भिंतीवरच्या कॅलेंडरात भरती-ओहोटीच्या वेळा बघायला लागले. माझ्या आईने चतुर्थीचा चंद्रोदय जितक्या काळजीने बघितला नसेल तितक्या काळजीने मी त्या बघत असे. तेव्हा ध्यानात आलं की एका शनिवारी साडेचारला ओहोटी असली तर पुढच्या शनिवारी त्या वेळेला भरती असते. आणि हे गृहस्थ दर शनिवारी ओहोटी सांगत होते! मी त्यांना कॅलेंडरासमोर उभं केलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि म्हणाले, “हे छापणाऱ्याला गोराईची खाडी काय माहीत?”

आल्यावर तरी सुरुवात करावी! पण आधी तारा लावायच्या. मुंबईची दमट हवा त्या वाद्याला बिलकूल मानवत नसे. एक तार चढवली की दुसरी उतरायची. एखादी तुटायचीच, मग कोळ्यांच्या जाळ्याची नायलॉनची दोरी खिशातून निघायची, कारण परदेशी तारा केव्हाच संपल्या होत्या. “रुसलीय आज,” ते मुलांना सांगायचे, “जरा लाडात घेऊ.” मग सबंध बालविभाग त्या भोपळ्याची समजूत घालत बसायचा. मुलं गाल फुगवून एकेक सूर धरायची, ते खुंटी पिळायचे, आणि सूर जुळला की पोरं अशी ओरडायची जशी काही आपली टीम जिंकली. मी घड्याळ बघायची. कार्यक्रम अजून सुरूच झालेला नसे.

आणि पंखे. पंखे बंद! ल्यूटचा आवाज इतका बारीक की पंख्याच्या घरघरीत तो विरघळून जातो. म्हणून भर मे महिन्यात, बोरिवलीत, दुपारच्या उन्हात तापलेल्या स्लॅबखाली पंखे बंद. मी एकदा चिडून म्हटलं, “अंकल, मायक्रोफोन लावू या, पण पंखे चालू राहू द्या. मुलांना घामोळं येईल.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी चर्चमध्ये चप्पल भिरकावली होती. “बाय, मोठा आवाज पोरं दिवसभर ऐकतात. बारीक ऐकायला कोण शिकवणार? तू?” मी वर्तमानपत्राने वारा घेत राहिले. त्याचाही आवाज होतो म्हणून त्यांनी तेही बंद करायला लावलं.

आमच्याकडे भिंतीवर मोठी पाटी आहे, ‘शांतता राखा’. तिच्याखाली बसून मी आयुष्यभर ‘शू, शू’ करत आले. पहिल्याच महिन्यात त्यांनी मुलांना पाटी वाचायला लावली आणि विचारलं, “राखा म्हणजे काय रे?”

“बोलू नका!” मुलं ओरडली.

“चूक. राखा म्हणजे राखा. गुरं राखतात तशी. माझा आजा गोराईला गुरं राखायचा. राखणारा काय गुरांना दिवसभर दावणीला बांधून ठेवतो? चरायला सोडतो. फक्त डोळा ठेवतो, आणि सांजेला परत आणतो. तशी शांतता राखायची. आता सोडा तिला!”

मुलांनी ती सोडली. असा कल्लोळ झाला की अभ्यासिकेची दारं धडाधड उघडली आणि मी टेबल सोडून धावले. मी पोचेपर्यंत पाचशे वर्षांनी एक बोट वर केलं होतं. “सांज झाली. आता आणा परत.” आणि पोरं चवड्यांवर चालत, हात पसरून, ओठांतल्या ओठांत ‘हुर्र, हुर्र’ करत भिंतींपासून सतरंजीच्या मध्यापर्यंत काहीतरी हाकत आणायला लागली. मध्ये आल्यावर त्या न दिसणाऱ्या गुराभोवती गोल करून बसली. मग ल्यूट वाजलं. टाचणी पडली असती तर पोरांनी टाचणीला दम दिला असता. मला हे कबूल करायला जड जातं, पण अशी शांतता माझ्या ‘शू’ने एकदाही आली नव्हती.

नाचाचीही तीच तऱ्हा. ‘पावान’ नावाचा एक जुना नाच ते शिकवायचे. जोडीजोडीने, हात हातात घेऊन, एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं टाकायचं, थांबायचं. राजवाड्यातला नाच म्हणे. बोरिवलीची पोरं ती, नवरात्र रक्तात. दोन फेऱ्या राजवाड्यातल्या झाल्या की तिसऱ्या फेरीला टाळी पडायची, गिरकी बसायची. “अरे, पावान आहे ही, गरबा नाय!” पाचशे वर्षं ढोल वाजवत ओरडायचे. मग पोरांच्या गिरक्यांकडे बघत त्यांचाच हात गरब्याच्या ठेक्यावर जायचा. “असू दे. पाचशे वर्षांत माणसाचं काय होईल सांगता येत नाय.”

बालविभाग भरला खरा, पण त्याच गोंगाटाने तो बुडायची वेळ आली. मधली भिंत पातळ, पलीकडे अभ्यासिका. तिथे प्रज्ञा नावाची एक मुलगी होती. आईवडील परभणीकडून येऊन दहिसरला स्थायिक झालेले, ही सकाळी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची आणि दुपारपासून रात्री आम्ही कुलूप लावेपर्यंत अभ्यास. दोनदा थोडक्यात हुकलेली परीक्षा. ती एका शनिवारी माझ्या टेबलाशी आली. “मॅडम, स्पष्ट बोलते, राग मानू नका. आमची वाट लागतेय. तिकडे गुरं हाकतात, इकडे माझं राज्यघटनेचं कलम उडतं. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्यात.” मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर सह्यांवर थांबले नसते.

तक्रार कार्यवाहांकडे गेली. त्यांना निमित्तच हवं होतं. “पुढच्या महिन्यात आम्ही सगळे येऊन बघतो,” ते म्हणाले, “शिस्तीत चाललेलं दिसलं तर ठीक, नाहीतर खोली अभ्यासिकेला.” म्हणजे माझा बालविभाग आता सर्वस्वी पाचशे वर्षांच्या शिस्तीवर अवलंबून होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी नशिबावर काही सोडलं नाही. कॅलेंडर बघून भरतीचाच शनिवार निवडला. पाचशे वर्षांना समोर बसवलं. “अंकल, त्या दिवशी भरती आहे. ओहोटी सांगायची नाही.”

“नाय सांगत.”

“गुरं सोडायची नाहीत.”

“बांधून ठेवतो.”

“आणि लवकर या. साडेचारच्या आधी. हा बालविभाग गेला ना, तर मला इथे काही उरणार नाही. कळतंय का तुम्हाला?”

माझ्या हातावर थोपटून ते म्हणाले, “लवकर येतो, बाय. येशूची शपथ.”

शनिवार उजाडला. साडेचारला अध्यक्ष, कार्यवाह आणि बाकीची मंडळी खुर्च्यांवर. मुलं सतरंजीवर. पाचशे वर्षांचा पत्ता नाही. मी हसून सरबत फिरवलं. पावणेपाच झाले. सावंतमामा फाटकातून दोनदा मान हलवून गेले. मी आत जाऊन गोराईला फोन लावला, तर त्यांची बायको म्हणाली, “तो तर कवाच गेला गं. नीट जेवला पण नाय. बाय रागवेल म्हणाला.” आता माझ्या रागात काळजी मिसळली आणि दोन्ही एकमेकांना वाढवू लागली. बाहेर पोरांनी आपण होऊन गुरं सोडली होती. कार्यवाह उठले. “बाई, हे दर शनिवारचंच दिसतंय. चला, तोवर अभ्यासिका तरी बघून घेऊ. भिंत पाडली तर टेबलं किती बसतील याचा अंदाज येईल.”

मी मान खाली घालून त्यांच्या मागून गेले. कार्यवाहांनी अभ्यासिकेचं दार ढकललं आणि आतून गरम हवेचा झोत आला. पंखे बंद होते. मधल्या टेबलावर, चालू घडामोडींच्या मासिकांचे गठ्ठे बाजूला सारून, मखमली सदऱ्यात पाचशे वर्षं बसले होते आणि ल्यूट वाजवत होते. आजूबाजूला महाराष्ट्राचे होऊ घातलेले अधिकारी टेबलांवर डोकी टेकून गाढ झोपले होते. एकजण व्यवस्थित घोरत होता. प्रज्ञा तेवढी जागी होती. पंख्याच्या बटणांपाशी उभी, हात बटणावर, पण बटण दाबलेलं नाही.

कार्यवाहांनी काही बोलायला तोंड उघडलं. पाचशे वर्षांनी ओठांवर बोट ठेवलं आणि तिथल्याही भिंतीवरच्या पाटीकडे दाखवलं. शांतता राखा.

“अंकल!” मी दबक्या आवाजात किंचाळले. “इथे काय करताय? मुलं तिकडे केव्हाची वाट बघतायत!”

“लवकर ये म्हणालीस ना? आलो. तुझा शिपाई चहाला गेला होता, कोणच नव्हतं. तारा लावायला शांत जागा पाहिजे, म्हणून इकडे बसलो.” मग झोपलेल्या माना दाखवून ते हळूच म्हणाले, “ही पोरं किती दमलीत गं. बघवत नाय.”

कार्यवाह प्रज्ञाकडे वळले. “तक्रार तुमचीच होती ना? मग हे काय?”

“हो सर, माझीच. परत करते हवं तर,” प्रज्ञा म्हणाली. “ह्यांनी पंखे बंद केले, सगळ्यांना झोपवलं. आज टेस्ट लावली होती आम्ही, तिची वाट लागली. हा निखिल बघा, याला म्हणे रात्री झोपच येत नाही.”

“बरोबर आहे. बालविभाग बंदच करू. मग हे येणारच नाहीत.”

“नको सर!” प्रज्ञा इतक्या जोरात म्हणाली की निखिल घोरायचा थांबला. “मी विचारलं ना ह्यांना. म्हटलं, अंकल, ती खोली आम्हाला मिळाली तर तुम्ही काय करणार? तर म्हणाले, तुमच्याकडे येईन, तुम्ही पण पोरंच, जरा लांब झालेली. सर, प्लीज. बालविभाग चालू ठेवा, यांना तिकडेच ठेवा. आम्ही इथे दाटीवाटीने बसू. ते वाजवतात चांगलं, यार, तोच तर प्रॉब्लेम आहे!”

कार्यवाह अध्यक्षांकडे बघायला वळले. अध्यक्ष दाराजवळच्या खुर्चीवर टेकले होते आणि त्यांची हनुवटी छातीला लागली होती. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात असं लिहिलं गेलं की, अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव बालविभाग आहे तिथेच चालू ठेवण्यात येत आहे. असं कारण आमच्या वाचनालयाच्या इतिहासात आधी कधी लिहिलेलं नसेल.

मी त्यांचे आभार मानायला हवे होते, पण त्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठून जे बोलले ते आभारप्रदर्शन नव्हतं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, “उशिरा आलो तरी ओरडतेस, लवकर आलो तरी ओरडतेस. माणसाने यावं तरी कधी?” आणि पुढच्या शनिवारी पाचला आले. ओहोटी होती म्हणाले.

असं पुढे दोनेक वर्षं चाललं. माझ्या डोक्याला ताप आणि बालविभागात गर्दी, दोन्ही सुखाने नांदत होती. आणि मग एका शनिवारी पाच वाजले तरी सावंतमामांची हाक आली नाही. सव्वापाच झाले. आज काय काय ऐकवायचं ते मी मनात जुळवत होते. ओहोटी म्हणतील, म्हणून उत्तर तयार ठेवायला मी कॅलेंडरापाशी गेले. साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती होती. एरवी मला विजय मिळाल्यासारखं वाटलं असतं. त्या दिवशी मी फोनकडे वळले. त्यांच्याकडे कारणच उरलेलं नव्हतं.

फोन मी लावायच्या आधीच वाजला. त्यांची बायको होती. “बाय, आज तो लवकर निघाला होता गं. म्हणाला, भरती आहे, आज तिला चकित करतो.” धक्क्यावर बाकावर बसले होते म्हणे, मखमली सदऱ्यात, ल्यूट मांडीवर. बोट आली. माणसं चढली, स्कूटरी चढल्या. मासळीवाल्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागलाय. एकीने उठवायला खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

मी आत गेले. मुलं माझ्याकडे बघत होती. मी तिथेच सतरंजीवर बसले आणि रडले.

पुढच्या शनिवारी मी कार्यक्रम ठेवला नव्हता, पण फळा पुसायचं सावंतमामांच्या जिवावर आलं होतं, आणि मुलं आली. त्यांनीच पंखे बंद केले. कुणी न सांगता चवड्यांवर चालत, हात पसरून, ‘हुर्र, हुर्र’ करत शांतता मध्ये आणली आणि तिच्याभोवती बसली. थोड्या वेळाने मधलं दार उघडून प्रज्ञा आली. आता ती मंत्रालयात नोकरीला असते, तेव्हा शेवटच्या परीक्षेच्या तयारीत होती. वैतागून म्हणाली, “मॅडम, आज आवाज का नाही? माझं लक्ष लागत नाहीये.” मग तिने मुलांकडे पाहिलं, आठवलं तिला, आणि ती मुलांच्या मागे येऊन बसली. घामाने आम्ही भिजत होतो. मला त्यांचा भयंकर राग आला. जायचंच होतं तर माणसाने पंखे लावून जावं.

ल्यूट त्यांच्या बायकोने वाचनालयाला दिलं. ते काचेच्या कपाटात आहे. तारा उतरल्या आहेत आणि लावणारं कोणी नाही. शनिवारी आता एक तरुण मुलगी येते, मुलांना तीच जुनी गाणी बासरीवर शिकवते. गुणी आहे, वेळेची पक्की आहे. साडेचारला पाच कमी असताना दारात हजर. अशी माणसं मिळावीत म्हणून मी जन्मभर देवाला साकडं घातलं. पण मी तिला पाचपर्यंत सुरुवात करू देत नाही. पंखे बंद करून आम्ही नुसते बसतो. ती बिचारी घामाघूम होते, मला घड्याळ दाखवते, वैतागते. काल तर स्पष्टच म्हणाली, “मॅडम, आपण दर शनिवारी कुणासाठी थांबतो?”

मी म्हटलं, “घाई कसली, बाय?”